माझ्या बाप्तिस्म्यावरची मॅच

"दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नाच्या कॅसेट बघता बघता तू कधी एखाद्या नवरीच्या प्रेमात पडलास का रे?"

हा प्रश्न माझा नव्हता. सान्या आणि रोसित्सा या माझ्या दोन मैत्रिणी दुकानाच्या काचेबाहेर बर्फाच्या चिखलात उभ्या राहून एकमेकींना चिमटे काढत होत्या, त्यांचा होता. पैज अशी होती की मी आत जायचं, काउंटरमागच्या कुरळ्या केसांच्या मुलाला हे विचारायचं आणि न हसता बाहेर यायचं. मागच्या वर्षीची मी असते तर दारातूनच पळाले असते. पण यंदा मी केस कानापर्यंत कापून टाकले होते, आणि भर वर्गात उभी राहून फिजिक्सच्या सरांना "सर, तुमचं उत्तर चुकलंय" म्हणाले होते. आणि ते खरंच चुकलं होतं! त्या दिवसापासून मला कशाची भीतीच वाटेना.

त्यानं मान वर केली. हातात कापसाचा बोळा, बोटांना स्पिरिटचा वास, पुढ्यात पोट उघडं पडलेला व्हीसीआर.

"कॅसेटमधल्या सगळ्यांची लग्नं आधीच झालेली असतात," तो म्हणाला. "मला नेहमी उशीर होतो."

तो हसला नाही. मी हसले. म्हणजे पैज हरले.

"तुझ्याकडे आहेत का कॅसेट? की नुसतेच प्रश्न?"

"आहेत की. कपाट भरून."

"मग आण. कॉम्प्युटरवर घेऊन देतो."

"एवढी कसली घाई आहे तुला?"

"मला नाही. त्यांना आहे. बुरशी लागते त्यांना." त्यानं पेन उचललं. "नाव काय लिहू?"

"इस्क्रा."

"इस्क्रा कोण?"

"नुसतं इस्क्रा. दुसरी कुणी आली तर बघू. तुझं?"

"ग्लिगोर."

"अय्या, आजोबांचं नाव?"

"आजोबांचंच. परत घेत नाहीत ते."

बाहेर आले तेव्हा सान्या म्हणाली, "तू हरलीस." मी म्हणाले, "हो." आणि घरापर्यंत गाणं गुणगुणत गेले.

आमच्या कॅसेट टीव्हीखालच्या कपाटात होत्या, ऐवारच्या, लाल मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्यांच्या मागे. घरातला व्हीसीआर कधीच मेला होता, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. सगळ्या एकदम नेता आल्या असत्या. मी रोज एक नेली. का, ते सांगत बसत नाही.

मला आधी वाटायचं, कॅसेट खुपसायची, बटण दाबायचं, झालं. पण तसं नसतंच ते.

"तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तासच लागतात," ग्लिगोरनं सांगितलं. "यात घाई चालत नाही. लोक जेवढा वेळ नाचले, तेवढा वेळ आपण बसायचं."

"आपण?"

"म्हणजे मी. पण... ती खुर्ची तशी रिकामीच असते."

शाळा सुटली की मी त्या खुर्चीत. त्याची स्वतःची शाळा सकाळची होती, तांत्रिक विद्यालयात, शेवटचं वर्ष. दुपारनंतर हे मामाचं दुकान तो सांभाळायचा. आम्ही भोपळ्याच्या बिया फोडत माझ्याच घरातली माणसं बघत बसायचो. माझ्या काकाला सैन्यात धाडतानाची मेजवानी, त्यात काका रडतोय आणि सगळी आळी नाचतेय. माझ्या आईचं लग्न, तिच्या खांद्यांवर दोन फुगे लपवल्यासारख्या बाह्या. पडद्यावर आडव्या रेघा आल्या की ग्लिगोर व्हीसीआरची छोटीशी चकती इतक्या हळू फिरवायचा, की... मी पडद्याऐवजी त्याच्या बोटांकडे बघत बसायचे.

"तुझी आई सुंदर दिसत होती," एकदा तो म्हणाला.

"तुला म्हटलं होतं ना, नवरीच्या प्रेमात पडायचं नाही म्हणून?"

"असं कुठे म्हणालीस? विचारलं होतंस फक्त." त्यानं हीटर पायानं ढकलून माझ्या पायांकडे वळवला. "आणि नाक तिचंच घेतलंयस तू."

बास. एवढंच बोलला. मी घरी जाऊन आरशात नाक बघितलं. अर्धा तास!

मग आली ती कॅसेट. पाठीवर आईच्या अक्षरात लिहिलेलं: इस्क्रा, बाप्तिस्मा.

ग्लिगोरनं ती हातात घेतली आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक बारकी पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. आमच्याकडे महत्त्वाच्या कॅसेटची पट्टी मोडतातच. माझीही मोडली होती. पण त्या भोकावर कुणीतरी चिकटपट्टी लावली होती, पिवळी पडलेली.

"ही लावली की पुन्हा रेकॉर्ड करता येतं," तो हळूच म्हणाला. "बघूया. कदाचित काही झालं नसेल."

सुरुवातीला चर्च होतं. मेणबत्त्या. मी, लाल टोमॅटोसारखी, बोंबलत होते. मला हातांवर घेतलेल्या माणसाची फक्त पाठ दिसत होती, रुंद, तपकिरी कोटातली. पाद्री म्हणाला, "कूम, बाळाचं नाव सांग." आमच्यात बाळाला देवासमोर जो हातांवर धरतो तो कूम, आणि नावही त्यानंच ठेवायचं असतं. त्याच्या तोंडून येईपर्यंत खुद्द आईबापांनाही ते माहीत नसतं. पाठ वळायला लागली... मिशीचं एक टोक दिसलं...

आणि कॉर्नर किक.

हिरवंगार मैदान. लाल शर्ट, पांढरे शर्ट, आणि बेंबीच्या देठापासून ओरडणारा समालोचक.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मॅच," ग्लिगोर म्हणाला. फार सांभाळून म्हणाला.

"ते दिसतंय मला! माझ्या नावावर मॅच का आहे?"

खरं तर मला माहीत होतं. आमच्या घरात मॅचवर जीव टाकणारं माणूस एकच. बाबा. मी खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. "माझं नाव, ग्लिगोर! जगात पहिल्यांदा कुणीतरी मला नावानं हाक मारत होतं आणि यांनी तिथे... तिथे ढेरपोट्या रेफ्री आणून उभा केला!"

"पुढे पळवू?"

"अजिबात नाही! बघू दे ना मला. अशी कुठली मॅच होती जी माझ्यापेक्षा मोठी होती, ते नीट बघू दे."

आणि आम्ही ती बघितली. सगळी. मी प्रत्येक पासला शिव्या घालत होते. लालवाल्यांना, पांढऱ्यांना, गोलकीपरच्या आईला. "लाथ तरी नीट मार की रे रेड्या! तुझ्यासाठी माझा बाप्तिस्मा गेलाय!" ग्लिगोर सुरुवातीला गंभीर होता, मग त्याचे खांदे हलायला लागले.

"हसतोयस तू?"

"नाही."

"हसतोयस!"

"बरं, हसतोय. तू चिडलीस की तुझे कान लाल होतात. लालवाल्यांच्या शर्टासारखे."

मध्यंतर झालं. पडद्यावर जाहिराती लागल्या आणि मला, का कुणास ठाऊक, रडू आलं. रागाचं रडू. ग्लिगोरनं बियांच्या टरफलांचा ढीग बाजूला सारला आणि माझ्या हातावर हात ठेवला. स्पिरिटनं थंडगार पडलेला हात. दुसरा हाफ मी अगदी गप्प बसून बघितला. त्यात कुणी गोल केला का, मला आजही सांगता येणार नाही.

"थांब, उठू नको," शिट्टी वाजल्यावर तो म्हणाला. "रेकॉर्डिंग संपतं तिथून पुढे कधी कधी जुनं चित्र उरलेलं असतं."

मैदान फाटलं. पडद्यावर दाणे दाणे उडाले. आणि एकदम आमची बैठकीची खोली! जेवण, धूर, बँड, हातात हात धरून गोल नाचणारी माणसं. गोलाच्या सगळ्यात पुढे तपकिरी कोटवाला, कडेवर मी. कॅमेरावाला ओरडला, "कूम! इकडे बघा, कूम तोदोर!" तो वळला. लांब मिशा, हसरे डोळे. त्यानं मला कॅमेऱ्यासमोर उंच धरलं आणि म्हणाला, "काय गं इस्क्राबाई, आवडलं का नाव? विचार करून ठेवलंय हं!"

त्याच्या पायाजवळ नुकतंच चालायला लागलेलं एक पोर उभं होतं. डोक्यावर पिवळी लोकरीची टोपी. त्याची विजार ओढत होतं.

माझ्या हातावरचा हात निघून गेला.

"ती टोपी," ग्लिगोर म्हणाला. "आजीनं विणलेली. अजून आहे आमच्या घरी."

"म्हणजे?"

"म्हणजे तो मी आहे. आणि ते माझे बाबा."

मी आधी टाळी वाजवली. खरंच वाजवली! "म्हणजे आपण आधीच भेटलोय?" मग त्याचा चेहरा बघितला.

"इस्क्रा, ते तुझे कूम आहेत. त्यांनी तुला देवासमोर धरलंय. त्यांची मुलं म्हणजे तुझी भावंडं."

"माझा कूम ऑस्ट्रेलियात आहे."

"माझे बाबा संगमरवराच्या खाणीवर ट्रक चालवतात. वारोशला राहतो आम्ही, किल्ल्याच्या पायथ्याशी. ऑस्ट्रेलिया त्यांनी नकाशावरच बघितलाय. त्यांनी कुणालातरी नाव दिलं होतं आणि तिचा विषय घरात काढायचा नाही, एवढंच मला माहीत होतं. ती तू असशील हे..."

"मला भाऊ नकोय!"

"मग मी काय बहीण शोधत होतो?" तोही ओरडला. पहिल्यांदाच. त्याचेही कान लाल झाले होते.

मी कॅसेट व्हीसीआरमधून काढून घेतली आणि तशीच निघाले. स्कार्फ खुर्चीवरच राहिला. कललेल्या घड्याळाच्या मनोऱ्याखालून जाताना वाटलं, हाही आज पडला तर बरं होईल. एवढी चिडले होते.

घरी बाबा मॅच बघत होते. अर्थात.

मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले.

"बाजूला हो गं, कॉर्नर आहे."

"कॉर्नरच! सगळा घोळ कॉर्नरनंच केलाय!" मी कॅसेट त्यांच्या मांडीवर टाकली. चिकटपट्टी वर करून. "ही कुणी लावली?"

बाबांनी कॅसेटकडे बघितलं आणि टीव्हीचा आवाज बंद केला. आमच्या घरात हे कुणी मेल्यावरच होतं. स्वयंपाकघरातून आई आली, हातात घेवड्याच्या उसळीचा डाव, आणि दारातच थांबली.

"ऑस्ट्रेलियात काय करतात म्हणे कूम?" मी तिला विचारलं. "मेंढ्या पाळतात?"

"तू सहा वर्षांची होतीस," आई म्हणाली. "सारखी विचारायचीस, सगळ्यांचे कूम येतात, माझा का येत नाही. काय सांगणार होते मी?"

"खरं!"

मग तिनं खरं सांगितलं. घरात दुसरी कोरी कॅसेट नव्हती आणि मॅच सुरू झाली होती. बाबांनी हाताला लागेल ती घेतली. पट्टी मोडलेली निघाली म्हणून चिकटपट्टी लावली. पुढे ईस्टरला कूम तोदोर सगळ्या कुटुंबाला घेऊन आले आणि म्हणाले, चला, पोरीचा बाप्तिस्मा लावा. लावला. नाव सांगायच्या क्षणी मैदान आलं. बाबांनी माफी मागितली असती तर तिथेच मिटलं असतं. पण बाबा हसले आणि म्हणाले, "जाऊ दे रे, पुढच्या वेळी मुलाचं नाव ठेव. मुलाची असती तर जपून ठेवली असती."

"गंमत केली होती मी!" बाबा म्हणाले.

"तोदोरनं ग्लास खाली ठेवला," आई म्हणाली. "म्हणाला, माझ्या इस्क्रेवर अशी गंमत नाही चालत. आणि उठून गेला."

मी बाबांकडे बघितलं. ते चिकटपट्टी नखानं खरवडत होते.

म्हणजे तो माणूस माझ्यासाठी भांडला होता. माझ्या बाबांशी. आणि मी त्याला मेंढ्यांमध्ये पाठवून दिलं होतं.

"इतकी वर्षं तुम्हाला सॉरी म्हणता आलं नाही?"

"कशाला म्हणू? भर सणाला माझ्या टेबलावरून उठून गेला तो! संपलं. मला कूमबिम कुणी नाही."

"नक्की?"

"नक्की!"

"मग बरं झालं. त्यांचा ग्लिगोर मला आवडतो."

आईच्या हातातून डाव पडला. बाबा एवढ्या जोरात उठले की खुर्ची मागे कलंडली.

"कूमच्या पोराबरोबर? डोकं फिरलंय का तुझं? भाऊ लागतो तो तुझा! गाव तोंडात शेण घालेल आमच्या!"

"आत्ता म्हणालात ना, कूम नाही म्हणून?"

"ते... ते वेगळं!"

"वेगळं कसं? कूम नसतील तर ग्लिगोर परका आहे. आणि कूम असतील तर..."

आणि तिथे माझीच जीभ अडकली. कारण पुढचं वाक्य मला दिसलं. कूम असतील तर बाबांनी त्यांच्या दारात जायला हवं. ते गेले, समेट झाला, की ग्लिगोर माझा भाऊ. म्हणजे आमचं जे काही होतं ते यांच्या भांडणावर टिकून होतं. हे असेच कायमचे भांडत राहिले तरच मला त्याचा हात धरता येणार होता. क्षणभर मला वाटलं, भांडा! खुशाल भांडा! आणि मग मला स्वतःचाच इतका राग आला की मी खोलीत जाऊन दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी ग्लिगोर आमच्या शाळेच्या फाटकाशी उभा होता. माझा स्कार्फ त्याच्या गळ्यात.

"तो माझा आहे," मी म्हणाले.

"गार वारं होतं," तो म्हणाला, पण काढून दिला नाही.

आम्ही बाजाराच्या बाजूनं चालत निघालो. कार्निव्हलची पोरं कातडी पांघरून, अस्वलं बनून, कमरेला घंटा बांधून सराव करत होती. रविवारी प्रोच्का होती, क्षमेचा दिवस.

"बाबा दर प्रोच्काला कोट घालून बसतात," ग्लिगोर म्हणाला. "तपकिरी. तोच. हलवा, संत्री, उकडलेली अंडी, सगळं मांडून. आई म्हणते, कुणाची वाट बघतोस? ते म्हणतात, कुणाची नाही, खोलीत गारठा आहे." त्यानं स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या दिवशी लहानानं मोठ्याकडे जायचं आणि माफ करा म्हणायचं. मोठ्याला नाही म्हणताच येत नाही. पण आधी कुणी दारात यायला हवं ना!"

"तुझं काय म्हणणं आहे?"

"रात्रभर विचार केला. एक उपाय आहे. गप्प बसायचं. कॅसेट कपाटात ठेवून दे. ते भांडत राहतील, आपण भेटत राहू."

"त्यांच्या भांडणात भाड्यानं राहायचं?"

त्यानं बोटाला गुंडाळलेलं स्कार्फचं टोक सोडून दिलं.

"तुझे बाबा कोट घालून बसणार आणि तू त्यांच्यासमोरून मला भेटायला येणार? जमेल तुला?"

"नाही," तो म्हणाला. मग थांबला. आमच्यामधून घंटा खणखणत एक अस्वल पळत गेलं. "पण मला तू आवडतेस, इस्क्रा. त्या मॅचच्या आधीपासून. तू तो येडा प्रश्न विचारलास ना, तेव्हापासूनच... आणि ते माझे बाबा आहेत. यातलं कुठलं पुसायचं ते तूच सांग. मला नाही जमत."

माझा राग अजून होता, पण आता तो त्याच्यावर नव्हता, बाबांवरही फारसा नव्हता. तो त्या पुसण्यावर होता. आमच्या गावात काही अडचण आली की लोक तिच्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड करतात. मॅच, ऑस्ट्रेलिया, जे हाताला लागेल ते.

"काही पुसायचं नाही," मी म्हणाले. "रविवारी घरीच थांब."

"का?"

"थांब म्हणते ना!"

त्यानं स्कार्फ काढून माझ्या गळ्यात घातला, गाठ मारली आणि गाठीवर हात जरा जास्तच वेळ ठेवला. सान्या आणि रोसित्सा आमच्या मागोमाग येऊन बघत होत्या. बघेनात का!

शनिवारी जेवणाला बसल्यावर मी सांगून टाकलं. बाबा पाव मोडत होते. त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलत होते.

"उद्या मी वारोशला जातेय. कूम तोदोरकडे. संत्री घेऊन."

बाबांचा हात थांबला. आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी त्यांच्या हाताचं चुंबन घेईन आणि दोन माफ्या मागेन. पहिली तुमची, बाबा. मॅचची आणि त्या गमतीची. तुम्हाला स्वतः मागायची असेल तर बूट पुसून ठेवा, मी दहाला निघणार. नसेल तर मी मागते. मुलगी आहे म्हणून काही कमी मागणार नाही."

बाबांचे कान लाल झाले होते.

"आणि दुसरी?" आईनं विचारलं. तिला माहीत होतं. तरी विचारलं.

"दुसरी माझी. त्यांना सांगणार, कूम, नाव मला फार आवडलं. आणि तुमचा ग्लिगोरही आवडतो, आणि भाऊ म्हणून नाही. माफ करा."

"पोरी, असं कुणी करत नाही गं..." आई म्हणाली.

"मग मी करते. उद्या त्यांना नाही म्हणता येणार नाही. आणि दोन्ही मी एका दमात मागणार आहे, मध्ये श्वाससुद्धा न घेता. माफ करायचं तर दोन्ही!"